नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठी भाषेने एका मात्रेच्या फरकात मोठे शहाणपण साठवून ठेवले आहे. बाळ जन्माला आले की आपण त्याचे 'नाव ठेवतो'. आणि शेजाऱ्याचे बरे चाललेले पाहवले नाही की आपण त्याला 'नावे ठेवतो'. पहिली कृती आई-बापाची, मायेची आणि जबाबदारीची. दुसरी कृती ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहणाऱ्याची. पहिल्यात ज्याचे नाव ठेवायचे त्याचा चेहरा समोर असतो. दुसऱ्यात फक्त बोलणाऱ्याची जीभ असते. या दोन कृतींची गल्लत झाली म्हणजे काय अनर्थ होतो, हे आज आम्हाला एका अनपेक्षित विषयाच्या आधारे सांगायचे आहे. विषय आहे इंग्लंडातील गिटार-संगीताच्या एका शैलीचा. धर्मगुरूने या विषयात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, स्नानसंस्काराच्या नोंदवहीत शेकडो नावे लिहिताना आम्ही एकाही बालकाचे टोपणनाव तेथे लिहिलेले नाही. नावाच्या बाबतीत आमचा हात थोडा कडक झाला आहे, एवढेच.

निमित्त घडले ते असे. आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन तरुणाने याच त्रैमासिकासाठी एक लेख लिहिला आणि छपाईला देण्यापूर्वी तो नजरेखालून घालावा म्हणून आमच्याकडे आणून दिला. मुलगा गुणी आहे, रविवारी गायनवृंदात गिटार वाजवतो. लेख १९९० च्या आसपासच्या इंग्लिश बँडांविषयी होता आणि कष्टपूर्वक लिहिला होता. परंतु त्याचे शीर्षक वाचून आमचा तांबडा पेन आपोआप उघडला. शीर्षक होते, 'जोडे न्याहाळणाऱ्यांचे संगीत'. आम्ही ते खोडले. तो म्हणाला, "फादर, इंग्रजीत त्याला शूगेझ म्हणतात. जगभर हेच नाव चालते. मी फक्त मराठीत आणले." आम्ही म्हटले, "तुम्ही भाषांतर बरोबर केले आहे, बाळा. पण मूळच चुकले आहे." तो वाद त्या संध्याकाळी पडवीत अर्धवट राहिला. उरलेला अर्धा येथे लिहीत आहोत.

एक गोष्ट प्रथमच कबूल करतो. आम्ही संगीततज्ज्ञ नव्हे. पण ही मंडळी आमच्या वयाची आहेत. ती थेम्स नदीच्या खोऱ्यातील गावांत गिटारी छेडत होती तेव्हा आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पाठांतरे करीत होतो, आणि त्यांचा एक सूरही आमच्या कानी पडला नव्हता. तो पडला तीस वर्षांनी, या मुलाच्या मोबाइलवरून. म्हणजे आम्ही ते संगीत नावाच्या आधी ऐकले, आणि त्यामुळेच कदाचित नाव ऐकल्यावर दचकलो.

संगीत कसे आहे?

ज्यांनी ते ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन आवश्यक आहे. दगडी चर्चमध्ये, उंच घुमटाखाली एखादा स्वर लावला की तो मूळ गळ्यापासून सुटतो, भिंतींना स्पर्श करून परततो आणि पुढच्या स्वरात मिसळतो. कोणता स्वर आत्ताचा आणि कोणता मघाचा हे कळेनासे होते. विद्युत गिटारीवर हा परिणाम यंत्रांच्या साहाय्याने साधता येतो. वादकाच्या पायाशी लहान-लहान पेट्या मांडलेल्या असतात. त्यांना पेडल म्हणतात. एक पेडल स्वर खरखरीत व दाट करते, दुसरे त्याचा प्रतिध्वनी उमटवते, तिसरे त्याला घुमटातला घुमारा देते. अशा अनेक गिटारी एकावर एक रचल्या म्हणजे ध्वनीची एक भिंतच उभी राहते; आणि त्या भिंतीच्या आतून, जणू पलीकडच्या खोलीतून यावा तसा, मानवी गळा ऐकू येतो. शब्द स्पष्ट नसतात. गायक पुढे आणि वाद्ये मागे ही नेहमीची उतरंड येथे मोडलेली असते. गळा हेही अनेक वाद्यांपैकी एक वाद्य होते.

याची पूर्वतयारी स्कॉटलंडमध्ये झाली होती. ग्रेंजमाउथ या गावातील कॉक्टो ट्विन्स या बँडमध्ये एलिझाबेथ फ्रेझर या गायिकेने शब्दांच्या अर्थापेक्षा त्यांच्या नादावर भर दिला आणि रॉबिन गथ्री यांनी गिटारीला पाण्यासारखे वाहते केले. ईस्ट किल्ब्राइडच्या जीझस अँड मेरी चेन या बँडने १९८५ च्या 'सायकोकँडी' या ध्वनिमुद्रिकेत गोड चालींवर कर्कश गोंगाटाचे पांघरूण घातले. या दोन प्रवाहांतून पुढचे संगीत निघाले. डब्लिनमध्ये १९८३ साली स्थापन झालेल्या माय ब्लडी व्हॅलेंटाइनने १९८८ मध्ये 'इझन्ट एनीथिंग' आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये 'लव्हलेस' ही ध्वनिमुद्रिका काढली. ऑक्सफर्डच्या राइडची 'नोव्हेअर' १९९० मधली. रेडिंगच्या स्लोडाइव्हची 'जस्ट फॉर अ डे' १९९१ मधली. लंडनचा लश, रेडिंगचा चॅप्टरहाउस, लीड्सचा पेल सेंट्स हे त्याच काळातले. बहुतेक सारी मुले-मुली विशीच्या आत-बाहेरची होती. येथे 'मुली' हा शब्द मुद्दाम लिहितो आहोत. कारण यांतील कित्येक बँडांत स्त्रिया केवळ गात नव्हत्या, गिटार वाजवीत होत्या आणि चाली रचीत होत्या.

नावाची जन्मकथा

आता या संगीताला नाव कसे मिळाले ते पाहू. त्या काळी लंडनमधून संगीताला वाहिलेली तीन साप्ताहिके निघत असत: १९२६ मध्ये सुरू झालेले 'मेलडी मेकर', १९५२ मधले 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' आणि १९७० मधले 'साउंड्स'. तिघांत चुरस होती. दर आठवड्याला पाने भरायची, दर आठवड्याला काहीतरी नवे सापडल्याची दवंडी पिटायची. नवे संगीत दर आठवड्याला जन्माला येत नाही. नवी नावे मात्र दर आठवड्याला काढता येतात.

सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी हकीकत अशी. मूस नावाच्या नवख्या बँडचा कार्यक्रम होता. गायक रसेल येट्स यांनी गीतांचे शब्द कागदावर लिहून ते मंचावर पायाशी चिकटवून ठेवले होते आणि कार्यक्रमभर ते खाली पाहून गात होते. 'साउंड्स'मधील परीक्षणात याची टिंगल झाली: हे लोक स्वतःच्या जोड्यांकडे टक लावून बसतात. विनोद चुरचुरीत होता. 'साउंड्स' १९९१ साली बंद पडले. पण त्या विनोदाला 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने दत्तक घेतले आणि बघता बघता एका अख्ख्या पिढीच्या कपाळावर तो चिकटला.

दुसरी उपाधी याहून बोलकी आहे. १९९० मध्ये 'मेलडी मेकर'चे स्टीव्ह सदरलँड यांनी या मंडळींना 'स्वतःचाच उत्सव करणारा कंपू' अशा अर्थाचे नाव दिले. कारण काय? तर हे बँड एकमेकांचे कार्यक्रम ऐकायला जात, एकमेकांबरोबर बसत-उठत आणि एकमेकांविषयी बरे बोलत. वाचकहो, जरा विचार करा. एकाच क्षेत्रातील स्पर्धक दुसऱ्याचे गाणे ऐकायला आपणहून जातात, त्याला दाद देतात, ही गोष्ट कौतुकाची की चेष्टेची? ज्या पत्रसृष्टीला भांडणावर खप मिळतो तिला मैत्री बेचव लागणारच.

शब्द एकदा चिकटला की पुढचा मार्ग सोपा होतो. स्लोडाइव्हची 'सुव्लाकी' ही ध्वनिमुद्रिका १९९३ मध्ये आली तेव्हा 'मेलडी मेकर'च्या समीक्षकाने लिहिले की, ती पुन्हा ऐकण्यापेक्षा आपण लापशीने भरलेल्या न्हाणीत गुदमरून बुडणे पसंत करू. हीच ध्वनिमुद्रिका आज त्या काळातील उत्तम कृतींत गणली जाते. १९९५ मध्ये 'पिग्मेलियन' प्रसिद्ध झाल्यावर लगेचच क्रिएशन या कंपनीने स्लोडाइव्हला निरोप दिला. हे सर्व एका शब्दामुळेच घडले, असे आम्ही म्हणणार नाही. ते अप्रामाणिकपणाचे होईल. १९९१ च्या शरदात अमेरिकेतून निर्वाना आला, पाठोपाठ मायदेशात ब्रिटपॉपचा डंका वाजू लागला आणि रुची बदलली. रुची बदलतेच. परंतु मावळणाऱ्या गोष्टीला मावळू देणे वेगळे आणि हसून घालवून देणे वेगळे. नाव आधीच हास्यास्पद ठेवले असले म्हणजे हसण्यासाठी निराळे कारण शोधावे लागत नाही.

तीन आरोप

या नावाविरुद्ध आमचे तीन आरोप आहेत.

पहिला आरोप असा की, हे नाव कानाचे नाही, डोळ्याचे आहे. संगीताला दिलेल्या नावाने निदान ऐकू येणाऱ्या गोष्टीविषयी एक शब्द तरी सांगावा. वादक कोठे पाहत होता, यावरून काय ऐकू आले ते कसे कळणार? आपल्या संगीत रंगभूमीवर पायपेटी वाजत असे. वादक दोन्ही पायांनी भाता हलवीत असे. म्हणून नाट्यसंगीताला कोणी 'पायांचे संगीत' म्हटले नाही. युरोपातील मोठमोठ्या चर्चमध्ये ऑर्गनवादक पायांनी खालच्या पट्ट्या दाबतो, पुष्कळदा लोकांकडे पाठ करून बसतो, आणि बाखच्या रचना वाजवतो. त्याला 'पाठमोरे संगीत' म्हणण्याचे धाडस कोणी केले आहे काय? वादकाने आपल्या वाद्याकडे पाहावे हे स्वाभाविक आहे. या मुलांच्या वाद्याचा अर्धा भाग जमिनीवर होता, म्हणून ती जमिनीकडे पाहत. सुताराने रंध्याकडे पाहू नये, प्रेक्षकांकडे पाहून हसावे, अशी अपेक्षा करणाऱ्याला सुतारकाम नको असते, तमाशा हवा असतो.

दुसरा आरोप अधिक गंभीर आहे. हे नाव वस्तुस्थितीलाही धरून नाही. ज्या प्रसंगातून ते निघाले त्यात गायक पेडलकडे पाहतच नव्हता. तो कागदावरचे शब्द वाचीत होता. पेडलचे स्पष्टीकरण मागाहून जोडले गेले, जसे एखाद्या आडनावाला मागाहून वंशावळ जोडतात. आणि या शैलीचे शिखर म्हणून सर्वजण ज्या 'लव्हलेस'कडे बोट दाखवतात, तिच्यातील ध्वनी कसा घडला? केव्हिन शील्ड्स यांच्या गिटारीच्या घोडीला एक दांडी जोडलेली असते. ती हलवली की सर्व तारांचा ताण एकाच वेळी कमी-जास्त होतो आणि स्वर वर-खाली घसरतो. शील्ड्स ती दांडी मुठीत धरून ठेवीत आणि त्याच हाताने तारा छेडीत. त्यामुळे स्वरसमूह सतत डोलत राहतो, जणू सबंध बँडने एकदम मींड घ्यावी. लोकांना वाटते की तेथे शेकडो गिटारी आणि पेडलांचे ढीग असतील. शील्ड्स यांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे की गिटारींचे थर लोक समजतात त्याहून पुष्कळ कमी आहेत आणि मुख्य काम त्या दांडीचे आहे. म्हणजे या पंथाचा सर्वांत प्रसिद्ध ध्वनी बराचसा पायाने नव्हे, हाताने घडला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी म्हण आपल्याकडे आहे. येथे उलटे झाले आहे: हाती सोने आणि नाव कथलाबाई.

तिसरा आरोप आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चुकीच्या नावाने माणसे झाकली जातात. पूर्व लंडनमध्ये ॲलेक्स अयुली आणि रूडी टँबाला हे दोन शाळूसोबती होते. दोघेही आफ्रिकी वंशाचे. १९८६ च्या सुमारास त्यांनी ए. आर. केन या नावाने संगीत सुरू केले. गिटारीचा गोंगाट, पाण्याखालून यावा तसा गळा, प्रतिध्वनींचे जाळे, हे सारे त्यांच्या १९८८ च्या 'सिक्स्टीनाइन' या ध्वनिमुद्रिकेत आहे. म्हणजे 'लव्हलेस'च्या तीन वर्षे आधी. त्यापूर्वी १९८७ मध्ये कलरबॉक्स या बँडबरोबर त्यांनी 'मार्स' या नावाने केलेले 'पंप अप द व्हॉल्यूम' हे गीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. तेव्हा हे कोणी अनोळखी लोक नव्हते. आणि विशेष म्हणजे आपल्या संगीताचे नाव त्यांनी स्वतः ठेवले होते. अयुली त्याला 'ड्रीम पॉप', म्हणजे स्वप्नातले संगीत, म्हणत.

पाहा कसे झाले. करणाऱ्याने ठेवलेले नाव उपलब्ध होते. ते कानाशी इमान राखणारे होते. त्याच्याऐवजी चालले ते पाहणाऱ्याने ठेवलेले, टिंगलीचे नाव. आणि त्या नावाबरोबर एक चित्र रुजले: थेम्सकाठच्या सुखवस्तू घरांतील, केसांची झुलपे डोळ्यांवर आलेली गोरी मुले. त्या चित्रात ए. आर. केनचे दोघे कोठे बसणार? लशच्या मिकी बेरेनी, ज्यांचे वडील हंगेरियन आणि आई जपानी, त्या कोठे बसणार? अनेक वर्षे या शैलीचा इतिहास सांगताना अयुली-टँबाला यांचे नाव शेवटच्या ओळीत येई, तेही आले तर. थट्टा वाटते तितकी निरुपद्रवी नसते. ती कोणाला हसायचे हे ठरवते, आणि कोणाला विसरायचे हेही ठरवते.

आक्षेपांचे उत्तर

आमच्या तरुण मित्राने दोन आक्षेप घेतले होते. दोन्ही विचारार्ह आहेत.

पहिला: थट्टेतून आलेली नावे पुढे सन्मानाची होतात. चित्रकलेतील इम्प्रेशनिझम हे नाव १८७४ मध्ये लुई लेरॉय या टीकाकाराने कुचेष्टेने वापरले होते; आज ते आदराने घेतले जाते. खरे आहे. परंतु लेरॉयने तो शब्द हवेतून आणला नव्हता. मोने यांनी स्वतःच्या सूर्योदयाच्या चित्राला जे शीर्षक दिले होते त्यातून तो उचलला होता. शब्द चित्रकाराचा होता, फक्त सूर टीकाकाराचा होता. शिवाय तो शब्द चित्रांविषयी काही सांगत होता: क्षणाचा ठसा. म्हणून १८७७ च्या प्रदर्शनात त्या चित्रकारांना तो उघडपणे आपलासा करता आला. लेरॉयने त्यांना 'रंगांचे डबे न्याहाळणारे' म्हटले असते तर? आणि तरीही एदगार देगा यांना ते नाव कधीच रुचले नाही, हेही विसरू नये. काहींनी नाव स्वीकारले म्हणून न स्वीकारणाऱ्याचे तोंड बंद होत नाही.

गॉथिक वास्तुकलेचे उदाहरण तर आमच्याच बाजूचे आहे. बाराव्या शतकात पॅरिसजवळच्या सँ-दनी येथे मठाधिपती सुजे यांनी ज्या बांधकामातून या शैलीला रूप दिले, त्याच्याशी गॉथ टोळ्यांचा काडीचाही संबंध नव्हता. त्यांची सत्ता शेकडो वर्षांपूर्वीच संपली होती. तेराव्या शतकातील एका जर्मन इतिवृत्तात या शैलीला 'फ्रेंच पद्धतीचे काम' असे साधे, खरे नाव आहे. पण सोळाव्या शतकात वसारी यांनी ती रानटी गॉथांच्या माथी मारली आणि तो शिक्का टिकला. पुढे कित्येक पिढ्या सुशिक्षित लोक त्या उत्तुंग कमानींकडे रानटीपणाचा नमुना म्हणून पाहत राहिले. शेवटी नाव धुतले गेले, हे खरे. पण नाव धुण्यात गेलेली शतके कोण परत देणार? जखम भरते म्हणून वार करणे योग्य ठरत नाही.

दुसरा आक्षेप: आता हे नाव रूढ झाले आहे. स्लोडाइव्ह २०१४ मध्ये पुन्हा एकत्र आले. त्यांची २०२३ ची ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहांत गेली. राइड परतले, माय ब्लडी व्हॅलेंटाइनने २०१३ मध्ये नवी ध्वनिमुद्रिका दिली. आज जपानपासून अमेरिकेपर्यंत विशीतली मुले त्याच शब्दाने स्वतःची ओळख सांगतात, अभिमानाने सांगतात. मग आपण का अडून बसावे?

येथे आम्ही एक पाऊल मागे घेतो. आजचा एखादा बँड आपण होऊन ते नाव धारण करीत असेल तर ते त्याचे आहे. त्याला अडवण्याचा आम्हाला अधिकार नाही. माणसाने स्वतः घेतलेले नाव ही वेगळी गोष्ट. परंतु १९९१ मधल्या ज्यांना ते न विचारता चिकटवले गेले, त्यांच्याविषयी लिहिताना तोच न्याय लागू होत नाही. आणि मराठीत लिहिणाऱ्यावर तर मुळीच बंधन नाही. लंडनच्या साप्ताहिकांनी केलेला विनोद आपण तीस वर्षांनी, सात समुद्रांपलीकडे, भाषांतर करून का सांभाळावा? ज्या साप्ताहिकांनी तो केला तीही आता राहिली नाहीत: 'मेलडी मेकर' २००० साली विलीन झाले आणि 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'चा साप्ताहिक छापील अंक मार्च २०१८ मध्ये थांबला. हसणारे उठून गेले. हसू मात्र आपण घरात ठेवून घ्यायचे, हा कोणता व्यवहार?

मग काय म्हणावे?

टीका करणाऱ्याने पर्यायही सांगावा, ही अपेक्षा रास्त आहे. प्रथम जे पर्याय नकोत ते सांगतो.

'इंडी' हा शब्द नको. तो संगीताचा नसून दुकानदारीचा आहे. मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेर विकल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रिकांची स्वतंत्र यादी ब्रिटनमध्ये १९८० च्या जानेवारीपासून निघू लागली. त्या स्वातंत्र्याचे हे नाव. क्रिएशन कंपनीचा जवळपास निम्मा हिस्सा १९९२ मध्ये सोनीने घेतला. त्या दिवशी गिटारीचा स्वर बदलला काय? 'ब्रिटपॉप' तर मुळीच नको. ते पुढच्या मंडळींचे नाव आहे आणि त्यात राष्ट्रध्वजाचा वास आहे. एप्रिल १९९३ च्या 'सिलेक्ट' मासिकाने मुखपृष्ठावर ध्वजासमोर गायकाला उभे करून अमेरिकनांना घरी जाण्यास सांगितले, ती त्याची नांदी होती. ज्या संगीताचा अग्रणी बँड डब्लिनमध्ये जन्मला, त्याच्या अंगावर ब्रिटिश ध्वज पांघरणे हा आणखी एक अन्याय होईल. आमच्या या लेखात 'इंग्लंडातील' हा शब्द आला आहे तोही सैल अर्थानेच घ्यावा.

'ड्रीम पॉप' हे नाव आम्हाला मान्य आहे, कारण ते आतून आले आहे, ए. आर. केनविषयी लिहिताना तेच वापरावे. परंतु 'लव्हलेस'मधला करवतीसारखा गोंगाट त्या नावात मावत नाही, हेही खरे. तेव्हा सर्वांना एकच टोपी घालण्याचा हट्ट सोडावा.

आमच्याही मनात एक शब्द आला होता, तो कबूल करतो: 'नादमेघ'. रामायणातील मेघनाद ढगांआड राहून लढे. येथे गळा ध्वनीच्या ढगाआड राहून गातो. शब्द आम्हाला फार आवडला आणि दोन दिवस आम्ही तो मनात घोळवला. तिसऱ्या दिवशी ध्यानात आले की आम्हीही तेच करीत आहोत: दुसऱ्याच्या बाळाचे नाव आमच्या हौसेसाठी ठेवीत आहोत. आमचे नाव गोड आणि त्यांचे कडू, एवढाच काय तो फरक. म्हणून तो शब्द आम्ही मागे घेतला.

आमची सूचना अगदी साधी आहे. करणाऱ्याने स्वतः नाव ठेवले असेल तर ते वापरावे. नसेल तर बँडचे नाव घ्यावे आणि काय ऐकू येते ते सरळ मराठीत लिहावे: दाट गिटारी, लांबणारे प्रतिध्वनी, आत दडलेला गळा. वर्णनाला चार शब्द जास्त लागतात, ते द्यावेत. आणि रूढ शब्द उल्लेखावाच लागला तर 'शूगेझ' असा जसाच्या तसा, विशेषनाम म्हणून, कोणी आणि कसा दिला ते एकदा सांगून लिहावा. त्याचे भाषांतर करू नये. कारण भाषांतर केले की मूळ थट्टा पुन्हा जिवंत होते आणि या वेळी ती आपण केलेली असते.

पडवीतला वाद येथे संपतो. त्या तरुणाने लेखाचे शीर्षक बदलले आहे. नवे शीर्षक आम्ही सुचवलेले नाही, तो म्हणाला, "फादर, तुमच्याच नियमाने ते मीच ठेवणार." आम्ही तांबड्या पेनाला टोपण लावले. नव्या शीर्षकात त्याने फक्त पाच बँडांची नावे लिहिली आहेत, आणि त्यांत पहिले नाव ए. आर. केन यांचे आहे.